मोरीवरची पाटी

पाट्या रंगवण्यात माझी उभी हयात गेली. साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या अंगाला माझं दुकान होतं. किराणा, कापड, सायकली, डॉक्टर, वकील, निवडून येणारे आणि पडणारे उमेदवार, काय वाट्टेल ते मी रंगवलं. गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं, पैसे घ्यायचे आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागायचं, एवढाच माझा धर्म. पाटीवर काय लिहू, असं मला हजारांनी विचारलं. पाटी कुठं लावू, असं विचारणारा माणूस एकच भेटला. हणमंत हवालदार.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी एका वकिलाच्या पाटीवर सोनेरी रंग चढवत होतो. दारात खाकी पँट, पांढरा सदरा आणि तोंड दिसेल असे काळे बूट. रिटायर झालेल्या फौजींचं मला काही नवल नव्हतं. त्या काळात साताऱ्याच्या स्टँडवर खडा टाकला तर तो कुठल्या तरी फौजीलाच लागायचा.

"पेंटर, जरा इचारायचं हाय. रंगाचं मग बघू."

"विचारायला पैसे पडत नाहीत. बसा."

ते बसले नाहीत. पुढं कळलं की हवालदार कुठंच बसत नसत. चहासुद्धा उभ्यानं, बशी छातीसमोर धरून, समोर कोणी साहेब उभा असल्यासारखे प्यायचे.

"नवा धंदा टाकतोय. त्याची पाटी कुठं लावावी?"

"दुकानावर लावा की. आणखी कुठं लावतात?"

"दुकान न्हाई. घरीच काम हाय."

"काम कसलं?"

"संडास."

माझा हात हलला आणि वकीलसाहेबांच्या आडनावाला शेपूट फुटली. हवालदार हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. ते इंजिनीअर पलटणीत होते. पूल बांधले, खंदक खणले, आणि जिथं जिथं पलटण उतरली तिथं आधी संडास खणले. आता सिमेंटचं भांडं साच्यात ओतायचं, खड्ड्यात सिमेंटची कडी उतरवायची, वर चार भिंती घालायच्या. वास नाही, माशी नाही. कोरेगावच्या रस्त्याकडेची सगळी गावं ते पायी हिंडून आले होते आणि एकाही गावात, पाटलाच्या घरीसुद्धा, ही सोय नव्हती.

"म्हंजे गिऱ्हाईक सगळं गाव हाय," ते म्हणाले. "फकस्त त्यास्नी ते ठावं न्हाई. पैली रेकी, मग कारवाई. रेकी झाली. आता पाटी."

मी मनात म्हटलं, हा माणूस कामातून गेला.

त्यांचं गाव सातारा-कोरेगाव रस्त्यावर आहे. गावाचं नाव मी सांगत नाही, त्या गावाला लोकांनी आधीच एक नाव ठेवलं आहे. मी गेलो तेव्हा घर रस्त्याला लागूनच दिसलं. तीन भावांचं एकत्र घर, म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, दारात म्हैस. पारुबाईंनी, म्हणजे हवालदारांच्या मंडळींनी, चहा केला. सगळ्यांना दिला, स्वतःला ओतून घेतला नाही.

"वैनी, तुम्ही नाही घेत?"

"मला सोसत न्हाई, भावजी," म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

जाताना हवालदार मला गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आले. वाटेत एकदम म्हणाले, "सोसत बिसत काय न्हाई. दुपार टळली की ती पाण्याचा थेंब घेत न्हाई. अंधार पडंस्तोवर बाईमानसाला बाहेर जाता येत न्हाई, म्हनून. साताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, पाणी लय पेत जा, पोटात खडा धरतोय. हिला पटतंय समदं. पन डॉक्टरच्या बायकूला घरात सोय हाय."

त्यांनी वाटेतला एक दगड बुटानं बाजूला सारला.

"मला कित्येक वरसं हे ठावंच नव्हतं बगा. पलटणीत खेचराला किती पाणी लागतं त्याचा हिशेब मी ठेवायचो. आन घरात बायकू तहानेली, ती मला दिसली न्हाई. लगीन झाल्यापासनं मी ह्या घरात पावणाच. सुट्टीवर यायचं, ट्रंक उघडायची, ट्रंक भरायची. औंदा आल्यावर तिला म्हनलं, ट्रंक माळ्यावर टाक. आता मी कुठं जात न्हाई. जमीन तिघा भावांची, तीबी जिराईत. तिच्यावर माझं पोट भरायचं न्हाई. हा धंदा चालला तर मी हितं. न्हाई चालला तर ट्रंक खाली."

इतकं सरळ कोणी सांगितलं की माणसाची थट्टा करणं अवघड जातं. माझी थट्टा त्या दिवशी संपली.

त्यांनी नमुन्याचा एक संडास आधीच बांधून ठेवला होता. काम असं सुबक की राहायला जावंसं वाटावं. पण बांधला होता रस्त्याच्या कडेला, दार रस्त्याकडं, वर पाटीची जागा सोडलेली. दार सताड उघडं, येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं भांडं दिसावं म्हणून.

"वैनी वापरतात का?" मी विचारलं.

"सवय न्हाई अजून तिला. हुईल."

पारुबाई गोठ्यात होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सगळी एष्टी बघती." हवालदारांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते हातानं दाराची उंची मोजत होते.

पाटीवर नाव काय घालायचं, इथंच पहिला खोडा पडला. त्यांना ‘जयहिंद’ हवं होतं. मी रंगवून दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेचे गुरुजी तणतणत आले, संडासावर जयहिंद म्हणजे काय समजता काय! पुसलं. मग भैरवनाथ घातला, तर पुजारी आला. पुसला. मग म्हटलं, तुमचं स्वतःचं नाव घाला की, त्याला कोण काय म्हणतो? घातलं. तर तालमीतली पोरं आली, कारण हणमंत म्हणजे मारुती आणि मारुतीचं नाव असल्या जागी चालणार नाही. हवालदार बिचारे पोरांना विचारतात, "माझ्या आई-बापानं ठेवलंय रं, त्याला मी काय करू?" शेवटी पाटीवर कुणाचंच नाव राहिलं नाही. ‘येथे उत्तम संडास बांधून मिळतील’, बस्स. रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून हसायचे आणि पुढं जायचे.

"कोई बात नहीं," हवालदार म्हणाले. "हसाया का हुईना, थांबतात."

यातूनच त्यांचा सिद्धांत निघाला. माणूस चालताना वाचत नाही, थांबला की वाचतो. म्हणून माणूस कुठं थांबतो ते आधी शोधायचं. त्यासाठी ते गावोगाव उभे राहायला लागले. बाजारात, पाराजवळ, स्टँडवर, नुसते उभे. कोण कुठं रेंगाळतो, रेंगाळताना डोळे कुठं असतात, हे बघायचं. लोकांना वाटायचं कुणी सरकारी माणूस आहे. एका गावात तर लोकांनी त्यांना नसबंदीवाला समजून गल्लीच्या गल्ली रिकामी केली.

त्या उभं राहण्यातून एक दिवस न्हाव्याचं दुकान निघालं. "पेंटर, मानूस न्हाव्याच्या खुर्चीत बसला की हलत न्हाई, आन समोर आरशाशिवाय दुसरं काय बघत न्हाई. पाठीमागच्या भिंतीवर पाटी लिवायची. पन उलटी. म्हंजे आरशात सुलटी."

आयुष्यात तेवढी एक पाटी मी मन लावून रंगवली. उलटी अक्षरं काढणं चेष्टा नाही, मान मोडली माझी. झाल्यावर खुर्चीत बसून आरशात बघितलं तर काय देखणं दिसत होतं! हवालदारांनी पाठीवर थाप मारली. पण गावातला माणूस आधी दारातून आत येतो, खुर्चीत नंतर बसतो. दारातून येणाऱ्याला भिंतीवर तांबड्या रंगात काही तरी भलतंच, न लागणारं लिहिलेलं दिसायचं. कुणी तरी म्हणालं, करणी केलीय. दोन दिवस न्हाव्याकडं कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीवर शेण सारवलं आणि आम्हां दोघांना शिव्या घातल्या. मला जास्त, कारण रंग माझा होता.

पिठाच्या गिरणीत बायका ताटकळत उभ्या असतात म्हणून तिथं विचारलं. गिरणीवाला म्हणाला, "खायाच्या जिनसापाशी हे लावू व्हय? गिरणी बंद पाडता का माझी?"

मग जत्रा आली. जत्रेत कुस्त्यांचं मैदान, आणि मैदानात कुस्ती लावली की इनाम देणाऱ्याचं नाव हलगीच्या ठेक्यावर पुकारतात. सगळी पंचक्रोशी ऐकते. हवालदारांनी एक इनाम लावलं. दोन्ही पैलवान आखाड्यात उतरले, अंगाला माती लावली, आणि पुकारणाऱ्यानं बेंबीच्या देठापासून आरोळी दिली, "संडासवाले हवालदार यांच्याकडून ही कुस्तीऽऽ!" मैदान खदखदा हसलं. एका पैलवानानं हातातली माती खाली टाकली.

"वस्ताद, ही कुस्ती मारली तर उद्यापास्नं मला लोक काय म्हनतील?"

तो बाहेर गेला. दुसराही गेला. हलगी थांबली. मैदानाच्या कडेला हवालदार ताठ उभे होते, हात बाजूला, नजर समोर. त्यांचे दोघे भाऊ गर्दीत होते, ते मान खाली घालून घराकडं निघून गेले. परतताना हवालदार मला म्हणाले, "कोई बात नहीं. मैदानात आवाज लांबवर पोचतो, एवढं कळलं."

त्या रात्री घरात भावांनी तोंड सोडलं. आपल्यात असलं काम कधी कुणी केलं नाही, पोरींची लग्नं व्हायची आहेत, वगैरे. हे मला पारुबाईंनी सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो माझी शिडी आणायला.

आणि त्याच दिवशी त्या बाईनं एक गोष्ट सुचवली होती, ती मला अजून जशीच्या तशी आठवते. हवालदार उभ्यानं चहा पीत होते. त्या म्हणाल्या, "मी सांगू का बायकांस्नी? आमी रानात भांगलायला एका ओळीनं बसतो. तवा समदं बोलनं व्हतं. कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाला दिस गेलेत, समदं. मी सांगते की, आमच्या हितं आडोसा करून देत्यात म्हनून. पन आधी त्या नमुन्याचं दार मागच्या अंगाला करा."

"छ्या! हवालदाराची बायकू संडास इकत हिंडती म्हनतील. आन दार मागं केलं तर दिसंल कुणाला? पारू, जाहिरात अशी कानात सांगून हुईत न्हाई. ती डोळ्याला दिसाया लागती."

"दिसली की लाज वाटती, म्हनून तर..."

"तू गप ऱ्हा. तुला न्हाई त्यातलं कळायचं."

पारुबाई कपबशा उचलून आत गेल्या. माझं पोट डोळ्याला दिसणाऱ्या जाहिरातींवरच चालत होतं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मधल्या काळात सांगलीचं एक प्रकरण झालं. पारुबाईंचा भाऊ सांगलीला होता. त्यानं तिथल्या एका वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात दिली, आणि काय आश्चर्य, माणसं आली! हवालदार आठवडाभर तिकडं राहून परत आले. बूट धुळीनं भरलेले, पण चेहरा खुलला होता.

"तिकडं लय काम हाय, पेंटर. नव्या कॉलन्या पडाय लागल्यात. एक ठेकेदार म्हनला, हितंच ऱ्हावा, कामाला मरन न्हाई."

"मग सुटलात की! जा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही तरी वेडंवाकडं बोललो होतो. "तिकडंच ऱ्हायाचं तर पलटण काय वाईट व्हती? आई हातरुणात. पारूला हितनं हलता येत न्हाई. मी सांगलीत संडास बांधनार, आन माझी बायकू हितं मोरीपाशी जानार?"

मोरी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा तेव्हा आला, आणि येता क्षणी ते थबकले. त्यांच्या डोक्यात काही तरी चाललं होतं.

गावाबाहेर रस्त्याखालून ओढा जातो. तिथं इंग्रजांच्या वेळची दगडी मोरी आहे. दोन्ही बाजूंनी बाभळीची गच्च झाडी. पहाटे आणि दिवेलागणीनंतर गावातल्या बायका तिथं जायच्या, चार-पाच जणी मिळून. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होती आणि ठाऊक नसल्यासारखं वागायची रीत होती. त्या वेळी तिकडून जावं लागलंच तर सायकलवाला लांबूनच घंटी वाजवायचा, चालणारा खोकायचा, आणि मान दुसरीकडं करून पुढं जायचा. त्या जागेचं नाव कुणी घेत नसे. पारुबाईसुद्धा ‘बाहेरच्या अंगाला’ म्हणायच्या.

हवालदार माझ्याकडं आले ते मोरी घेऊनच.

"पेंटर, मी चुकत व्हतो. माणूस थांबतो कुठं, हे बघत बसलो. खरं तर त्याला ती चीज लागती कवा, ते बघाया पायजे. तहान लागली तिथं पाण्याची पाटी. तर ह्याची पाटी कुठं? मोरीवर! जिथं तरास होतो तिथंच सांगायचं, बायांनो, हा तरास आता सोसू नका."

मी नाही म्हणालो. पण त्याचं कारण ऐकाल तर हसाल. माझ्या डोक्यात बायका आल्याच नाहीत, दगड आला. "तो दगड ओबडधोबड आहे, हवालदार. रंग धरणार नाही. पाऊस पडला की माझं नाव खराब."

"कोई बात नहीं," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच केलं. फौजी ट्रंकेवर नाव घालतात तशी पत्र्यात कोरलेली अक्षरं त्यांच्याकडं होती. भर दुपारी, कुणी नसताना, मोरीच्या कठड्याला त्यांनी काळा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्यात छापलं:

माता भगिनींनो, येथे येण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये. घरी संडास बांधून मिळेल. हवालदार.

खाली गावाकडं बाण. मी नंतर पाहिली ती पाटी. काय सांगू, माझ्या सगळ्या सोनेरी पाट्यांपेक्षा तिच्यातले शब्द चांगले होते. माणसानं काळजातून लिहिलेलं होतं ते. आणि त्यानंच घात केला.

कारण बायकांना वाचता येत नव्हतं. वाचता येत होतं ते एसटीतल्या लोकांना. सकाळच्या गाडीत कुणी तरी ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खी गाडी खिडक्यांतून बाभळीत डोकावली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं मुद्दाम गाडी हळू केली. आठवड्याभरात कंडक्टर गावाचा थांबा पुकारायला लागला, "चला, संडासमोरीऽऽ!" कोरेगावच्या बाजारात गावच्या माणसाला लोक विचारायला लागले, तू संडासमोरीचा का रं? गावातली एक सोयरीक जवळजवळ मोडली.

आणि बायका? त्यांना आता मोरीपाशी जाता येईना. टारगट पोरं दिवेलागणीला तिथं मुद्दाम चकरा मारायला लागली. बायकांना ओढा ओलांडून पार पलीकडच्या माळापर्यंत जावं लागे, आणि तिथं ना झाड ना झुडूप.

चावडीत गाव जमलं तेव्हा मी होतो. पेंटरलाही बोलवा, म्हणालं कुणी तरी. पाटी मी रंगवली असा सगळ्यांचा समज होता. पुरुष बरंच बोलले, ओरडले, एक-दोघे अंगावर धावले. हवालदार ताठ उभे होते. त्या बोलण्यानं त्यांच्यावर काही परिणाम झाला असं मला वाटलं नाही. एवढ्यात दाराशी बसलेली एक म्हातारी उठली. सहसा चावडीत बायका बोलत नाहीत, पण तिचं वय झालं होतं.

"आवं हवालदार," ती म्हणाली, "आमाला आडोशाची यवडी एकच जागा व्हती. तीबी तुमी रंगवून टाकली."

ती रागानं बोलली नाही. चोरीला गेलेल्या भांड्याबद्दल सांगावं तसं बोलली. हवालदारांची मान मी पहिल्यांदा खाली गेलेली पाहिली. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, कोई बात नहीं. त्यानंतर ते शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

ठरलं असं, की मोरीवर डांबर फासायचं आणि तो नमुन्याचा संडास बुजवायचा. भावांनीच मागणी केली. बुजवायला माणसं लावू, असं सरपंच म्हणाले. हवालदार म्हणाले, "माणसं नकोत. मीच करतो."

आणि त्यांनी केलं. मला बघवत नव्हतं, पण बघितलं. खड्ड्यात दगड, दगडांवर मुरूम, मुरुमावर माती, आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोकून पक्का. बांधताना जेवढं नेटकं काम, तेवढंच बुजवताना. काढून ठेवलेलं सिमेंटचं भांडं फोडायला घण उचलला, तेव्हा मात्र त्यांचा हात वरच्या वर थांबला. पारुबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. एक माझ्यापुरतं. मागं न्हेऊन बसवा, गोठ्याच्या आडाला. कुणाला दिसतंय!"

आपल्या माणसाकडं त्या बाईनं मागितलेली ती एवढीच गोष्ट मी ऐकली. थोरला भाऊ ओसरीवरून खेकसला, "गाव थुंकलं एवढं बास न्हाई झालं? ह्या घरात त्याचं नाव काढायचं न्हाई!" आतून आई कण्हायला लागली. हवालदार भावाकडं बघत राहिले, मग बायकोकडं. हा माणूस लढाईवर जाऊन आला होता हो! पण घरातल्या ओसरीवर त्याला तोंड उघडता आलं नाही. त्यांनी घण भांड्यावर घातला.

त्या चार भिंतींत पुढं सरपण भरून ठेवायला लागले.

ट्रंक माळ्यावरून खाली आली. सांगलीचा तो ठेकेदार अजून तयार होता, मी म्हटलं, निदान तिकडं तरी हेच काम करा. "त्या कामाला आता हात लागत न्हाई माझा," म्हणाले. मेहुण्यानं तिकडंच एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी बघितली. पुन्हा खाकी, पुन्हा सुट्टीवर गावी. पुन्हा घरात पाहुणे.

पारुबाईंचं काय झालं ते मला त्यांच्या गावच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. गावातल्या बायकांनी त्यांना सोबत घेणं सोडलं होतं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. पहाटे चौघी-पाच जणी दारावरून जायच्या, पूर्वी हाक मारायच्या, "पारू, येतीस का गं?", ती हाक बंद झाली. भांगलायच्या ओळीतसुद्धा त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. माळावर सगळ्या एकत्र जात आणि ह्या बाईला एकटीला, त्या डांबर फासलेल्या मोरीपाशीच जावं लागे, कारण माळावर एकट्या बाईनं जाणं बरं नव्हतं. टारगट पोरांचं नवं खूळ तोवर सरलं होतं, एवढंच काय ते नशीब.

मी हे ऐकून त्या दिवशी काम केलं नाही. मला राग कुणाचा आला हेच कळेना. गावाचा? बायकांची तर जागाच गेली होती. भावांचा? त्यांनाही पोरी उजवायच्या होत्या. हवालदारांचा राग करावा तर मनच घेईना.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढच्या थंडीत कोरेगावला एका लग्नाच्या मांडवाची कमान रंगवायची होती, म्हणून पहाटेच सायकल काढली. गाव मागं पडलं, मोरी जवळ आली, आणि रीतीप्रमाणं मी लांबूनच घंटी वाजवली. रस्त्यात एक टॉर्च लागला.

"कोन?"

आवाज ओळखीचा होता. "मी, पेंटर. हवालदार ना?"

"व्हय. सुट्टीवर आलोय."

जवळ गेलो. अंगात फौजी स्वेटर, पायात तेच चकचकीत बूट. मोरीच्या कठड्यापाशी, बाभळींकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून, ते ताठ उभे होते. गेटवर पहारेकरी उभा असतो तसे. मला क्षणभर उमगलंच नाही. मग त्यांच्या मागं झाडीत बांगड्या वाजल्या, कुणी तरी उठून उभं राहिल्याचा आवाज झाला, आणि मला सगळं समजलं.

मी सायकलवरून उतरलो होतो, तसाच मान वळवून उभा राहिलो. काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "किती दिवस आहे सुट्टी?"

"आजच जायाचं हाय. दुपारच्या गाडीनं."

म्हणजे उद्या पहाटे इथं कोण, हे त्यांनीही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. कठड्यावरच्या डांबराला वर्षभराच्या उन्हानं भेगा पडल्या होत्या, आतून पांढऱ्या अक्षरांचे तुकडे दिसत होते. हवालदार नेमके त्यांच्यापुढं उभे होते.

"पेंटर," ते हळूच म्हणाले, "तुमी जावा फुडं. ती खोळंबलीय."

मी सायकलवर बसलो. पुढं रस्ता काळोखाचा आणि खड्ड्यांचा. हवालदारांनी टॉर्च माझ्या चाकापुढं धरला, मी वळणावर जाईपर्यंत. मग तो विझला.